सांधलेले शब्द

दर्शना खंडारेनं हणमंत शिरतोडे यांना राखी पाठवली, तेव्हा तिनं त्यांना प्रत्यक्ष एकदाही पाहिलेलं नव्हतं. ती अकोल्याच्या पुढं, खारपाणपट्ट्यातल्या धामणखेडची. ते सांगली जिल्ह्यातले. मध्ये अख्खा महाराष्ट्र. पण त्या वर्षी तिला कुणी विचारलं असतं, की तुझ्याशी सगळ्यात मायेनं कोण बोलतं, तर तिनं हणमंतदादांचंच नाव घेतलं असतं.

धामणखेडच्या विहिरींचं पाणी खारं. ते पिऊन पिऊन गावोगाव मूत्रपिंडाचे रोगी झालेले. म्हणून एका संस्थेनं तिथं डायलिसिस केंद्र काढलं होतं. सहा यंत्रं, एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणारे, आणि बाकी सगळं तंत्रज्ञांवर. दर्शना तिथं मदतनीस होती. चादरी बदलायच्या, रोग्यांची वजनं घ्यायची, कुणाला उलटी झाली तर भांडं धरायचं. त्याआधी ती अमरावतीला नर्सिंगला गेली होती, पण पहिलं वर्षही पुरं झालं नाही. एका मॅडमनी भर वर्गात विचारलं होतं, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही, हिला पाठवलं कुणी इथं?" वर्ग हसला. दर्शना त्याच दुपारी बॅग भरून घरी आली, आणि परत गेली नाही.

विमलताई भोपळे ह्या केंद्रातल्या जुन्या पेशंट. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दर्शनाला त्यांनीच लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती. यंत्रावर चार तास पडून राहायचं, तर त्या बोलायच्या.

"एक बाई वर्गात बोलली म्हणून कोणी जल्मभर घरी बसतं काय?" त्या एकदा म्हणाल्या. "तू मायी सुई लावताना पाह्यतेस ना, तेव्हा तुया डोळ्यात दिसते मले. तुले सगळं समजते. आता घरूनच शिकता येते म्हणतात, मोबाइलवर. कर ना मग."

दर्शनानं नाव घातलं तो मोबाइलवरचा नव्हता, चष्म्यावरचा अभ्यासक्रम होता. डायलिसिस तंत्रज्ञाचा, दोन वर्षांचा. चष्मा लावला की समोर सरावाची खोली उभी राहायची. यंत्रं, नळ्या, पाणी शुद्ध करायचा प्लांट, सगळं हाताळता येईल असं. आणि त्या खोलीत आपल्या गटातली दोन माणसं. शिकायचं ते तिघांनी मिळून. एकानं करायचं, दोघांनी पाहायचं, चुका सांगायच्या, शंका सोडवायच्या.

दर्शनाच्या गटात रत्नागिरीची रुबीना मुकादम होती आणि हणमंत शिरतोडे होते. हणमंतराव लष्करात नर्सिंग असिस्टंट होते, निवृत्त होऊन मिरजेच्या एका दवाखान्यात लागलेले.

पहिल्याच आठवड्यात दर्शनाच्या हातून नळी उलटी जोडली गेली. आता हे दोघं काय बोलतील?

"दर्शनाताई, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," चष्म्यातून हणमंतरावांचा भारदस्त आवाज आला. "लाल टोपण कुठं आहे ते आधी बघा. बाकी तुमचा हात स्थिर आहे, ही मोठी गोष्ट आहे."

दर्शना त्या रात्री आईला म्हणाली, "आई, यावेळी मी सोडत नाही."

आणि तिनं सोडलं नाही.

*

हे असं घडत होतं त्यामागं एक यंत्रणा होती. तिचं नाव 'सांधा'.

संगणकावरून गटानं शिकायचे प्रयोग जुनेच. त्यांची एक अडचण वर्षानुवर्षं सुटत नव्हती. विषय अवघड म्हणून लोक सोडून जात नसत, ते सोडून जात एकमेकांमुळं. समोरासमोर बसून कुणी 'चुकलंस' म्हटलं, तर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू दिसतं, पुढं केलेला चहा दिसतो. पडद्यातून नुसतं 'चुकलंस' येतं आणि ते रुतून बसतं. माणूस उत्तर द्यायला वेळ लावू लागतो, मग गप्प होतो, मग एक दिवस येतच नाही. अभ्यासकांना हे कळलं होतं, की शिकणाऱ्याला टिकवून धरतात त्या साध्या गोष्टी असतात. मला हे जमेल असं वाटणं, मी हे माझ्या मर्जीनं करतोय असं वाटणं, आणि या लोकांत माझी जागा आहे असं वाटणं. पण ह्या तिन्ही गोष्टी प्रत्येकाच्या मनात वेगवेगळ्या शब्दांनी जाग्या होतात.

सांधा ते शब्द शोधायचा. कुणाचं बोलणं ऐकल्यावर तुमची नजर कुठं वळली, श्वास कसा बदलला, उत्तराला किती वेळ लागला, पुढचं काम तुम्ही किती उमेदीनं हाती घेतलं, हे तो टिपत राही. महिन्याभरात त्याला पक्कं समजे, की हा माणूस कशानं पेटतो आणि कशानं विझतो. मग तो गटातल्या माणसांचं बोलणं वाटेतच बदलून देई. आवाज त्याच माणसाचा, विषय तोच, शब्द मात्र ऐकणाऱ्याला उमेद देतील असे. अर्ध्या क्षणाचंही अंतर पडत नसे.

प्रवेश घेताना सगळ्यांनी त्याला संमती दिली होती. 'परस्परसंवाद सुलभ व्हावा म्हणून भाषेत योग्य ते बदल केले जातील', असं एक वाक्य होतं. दर्शनाला वाटलं, आपली वऱ्हाडी त्यांना कळावी आणि त्यांची भाषा आपल्याला कळावी म्हणून असेल. ते खरंही होतं. पण तेवढंच नव्हतं.

*

डायलिसिसमध्ये पाण्याला फार महत्त्व असतं. गावाला येणाऱ्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीनची औषधं घातलेली असतात. ते पाणी प्यायलं तर काही होत नाही, पोट ते पचवतं. पण यंत्रात रोग्याचं रक्त आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. क्लोरीन तो ओलांडून आलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कोळशाच्या दोन टाक्यांतून काढतात. कोळसा क्लोरीन शोषून घेतो. आणि रोज सकाळी पहिला रोगी लावण्याआधी त्या टाक्यांमधल्या नळाचं पाणी घेऊन, त्यात कागदाची पट्टी बुडवून, तिचा रंग बघायचा. पट्टी पांढरी राहिली तर पाणी ठीक, रंगली तर क्लोरीन आहे.

यात एक मेख आहे. रात्रभर टाकीत थांबलेलं पाणी कोळशाला रात्रभर चिकटून असतं. कोळसा संपत आलेला असला तरी तेवढं पाणी तो साफ करतोच. प्लांट सुरू केल्या केल्या नळ सोडला तर तेच पाणी हाती येतं आणि पट्टी म्हणते, सगळं ठीक. खरं काय ते कळतं प्लांट पाव तास चालू दिल्यावर, ताजं पाणी टाकीतून धावू लागल्यावर.

दर्शना सरावात नळ लगेच सोडायची. पाठात लिहिलेलं तिनं वाचलं होतं, पण तिला ते जास्तीची काळजी वाटायची. पट्टी बरोबर यायची, मग थांबायचं कशाला?

"दर्शनाताई," हणमंतरावांचा आवाज यायचा, "तुमचा हात आता छान बसला आहे. नमुन्याला जरा वेळ दिला तर आणखी सुरेख होईल."

"हो दादा, थँक्यू," ती म्हणायची. मनात म्हणायची, किती बारीक लक्ष असतं यांचं. आणि पुढच्या वेळी पुन्हा नळ लगेच सोडायची, कारण 'आणखी सुरेख' ही काही घाईची गोष्ट नव्हती.

परीक्षेतला प्लांट आधीपासून चालू असायचा, त्यामुळं तिची ती सवय तिथं दिसलीच नाही. तिघंही पास झाली. दर्शना पहिल्या वर्गात. विमलताईंनी केंद्रात सगळ्यांना पेढे वाटले, स्वतः मात्र पथ्यामुळं अर्धाच खाल्ला. त्याच श्रावणात राखी सांगलीला गेली.

*

२०४१ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. नळाला गढूळ पाणी येऊ लागलं, म्हणून पाणीपुरवठ्यानं औषधाचं प्रमाण वाढवलं. केंद्रातल्या कोळशाची मुदत संपत आली होती, नवा वाटेत होता. प्लांटवर आपोआप क्लोरीन मोजणारं यंत्र बसवलेलं होतं, पण खाऱ्या पाण्यानं ते सारखं बिघडायचं आणि त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं होतं.

दर्शना आता तिथली पक्की तंत्रज्ञ होती. सकाळी केंद्र तीच उघडायची. तिनं प्लांट सुरू केला, नळ सोडला, पट्टी बुडवली. पट्टी पांढरी. तिनं सहा रोगी लावले.

तासाभरात विमलताई म्हणाल्या, "दर्शने, कमरेत लय दुखून राह्यलं. अन् छातीतही कसंसंच होते."

दर्शनानं नळीकडं पाहिलं. रक्त दाट दिसायला हवं होतं. ते कोकमाच्या सरबतासारखं आरपार दिसत होतं.

तिला पुढचं सगळं अगदी बरोबर आठवलं. नळ्यांना चिमटे लावायचे, ते रक्त अंगात परत जाऊ द्यायचं नाही, सगळी यंत्रं थांबवायची. तिनं ते हात न थरथरता केलं. बाकीचे पाच रोगी त्यामुळं वाचले. विमलताईंना अकोल्याला हलवलं. रुग्णवाहिकेत त्यांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटांचे वळ उठले.

तीन दिवसांनी त्या गेल्या.

*

चौकशी लागली. दर्शनाला कामावरून थांबवलं. ती घरात बसून राहायची. आई ताट वाढायची आणि उचलायची.

एका दुपारी दारात एक उंच, राकट माणूस उभा राहिला. खांद्याला पिशवी, मिशा पांढऱ्या.

"दर्शना खंडारे हितंच ऱ्हाती का?"

दर्शना आतल्या खोलीतून धावत आली. हा आवाज तिनं दोन वर्षं रोज ऐकला होता.

"दादा!" ती वाकली.

ते मागं सरकले. "पाया पडू नगंस. म्या भांडाय आलोय."

आईनं पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं, पण बसले नाहीत.

"रुबीनानं कळवलं मला. तवापास्नं झोप न्हाई. पोरी, तुला म्या तीन डाव सांगितलं हुतं. त्यो नळ लगीच सोडू नगंस म्हणून. तीन डाव! आन् तू काय करायचीस? हसून थँक्यू म्हणायचीस. एक म्हातारी बाई गेली की गं त्यापायी."

दर्शनाला काही सुधरेना. आवाज तोच होता. शब्द कुणा दुसऱ्याचे होते.

"तुम्ही नव्हतं सांगितलं दादा."

"न्हवतं? मग काय सांगितलं हुतं?"

तिला ते वाक्य पाठ होतं. "तुम्ही म्हणाले होते, 'दर्शनाताई, तुमचा हात आता छान बसला आहे. नमुन्याला जरा वेळ दिला तर आणखी सुरेख होईल.'"

हणमंतराव तिच्याकडं बघत राहिले.

"सुरेख?" ते म्हणाले. "म्या आयुष्यात कुणाला सुरेख म्हटलेलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. आन् तुला म्या ताई कधी म्हटलं? ए पोरी म्हणायचो."

"मग काय म्हणाले होते तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. आता ते सांगायला त्यांना जड जात होतं.

"म्हटलं हुतं, असंच पाणी घेत जा, आन् येताना पेशंटसाठी हार घिऊन ये."

मग हणमंतराव हळूच खुर्चीत बसले.

"तूबी काय कमी न्हवतीस," ते म्हणाले, पण आवाजातला राग गेला होता. "म्या काय समजावून सांगितलं की लगीच म्हणायचीस, 'मला हे पटत नाही, पुराव्यानिशी सांगा.' लई ताठ पोरगी वाटायचीस. तुला उत्तर द्यायचं म्हणून म्या ह्या वयात पुस्तकं धुंडाळली."

"मी असं कधीच बोलले नाही," दर्शना म्हणाली. "मी म्हणायचे, दादा, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?"

त्यांनी साध्या फोनवरून रुबीनाला लावलं. ती सगळं ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मला तर तुम्ही दोघं सारखे म्हणायचात, 'रुबीना, तू नसलीस तर आमचं अडतं.' घरात लहान बाळ होतं, सासू आजारी. त्या एका वाक्यासाठी मी रोज चष्मा लावायची." मग तिनंच विचारलं, "म्हणजे तेही तुम्ही म्हणाला नव्हतात?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणालाच 'हो' म्हणवेना.

तिघं दोन वर्षं एका गटात शिकली होती. पण गट तीन होते, आणि प्रत्येक गटात खरं माणूस एकच होतं.

संध्याकाळच्या गाडीला दर्शना त्यांना सोडायला स्टँडवर गेली. "ती राखी का धाडलीस ते मला तवा कळलंच न्हवतं," हणमंतराव म्हणाले. "म्हटलं, ही एवढी भांडती आन् राखी कशापायी?" ते गाडीत चढले. दर्शना गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. विमलताईंसाठी ती इतके दिवस रडत होती. आज तिला आणखी एका माणसासाठी रडू येत होतं, जो कधी नव्हताच.

*

चौकशी समितीची सुनावणी नागपूरला झाली. सांधा ज्यांनी घडवला त्या डॉ. केतकी रांगणेकर तिथं आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, थकलेल्या दिसणाऱ्या. दुपारच्या सुट्टीत त्या स्वतःहून दर्शनाजवळ येऊन बसल्या.

"धोक्याची सूचना बदलायची नाही, हा नियम आम्ही घातला होता," त्या म्हणाल्या. "'विष', 'जीव जाईल', 'थांबव' असे शब्द आले तर ते जसेच्या तसे जातात. पण शिरतोडे हारांबद्दल बोलले. यंत्राला तो टोमणा वाटला. त्यानं टोमणा काढून टाकला आणि उरलेलं गोड केलं. हार म्हणजे मरण, हे ज्याला गावातल्या बोलण्याचा कान आहे त्यालाच कळतं. आम्ही तो कान दिला नव्हता."

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" दर्शनानं विचारलं. "की हे शब्द त्यांचे नाहीत म्हणून?"

"सांगितलं की उपयोग होत नाही. गोड बोलणं यंत्राचं आहे हे कळलं की माणसाला त्यानं उमेद येत नाही." रांगणेकर म्हणाल्या. "सांधा नव्हता तेव्हा निम्म्याहून जास्त लोक सोडून जायचे. मुली तर फारच. हे कारण म्हणून सांगत नाहीये मी. पण तुमची नोंद मी पाहिली. तुम्ही तिसऱ्या आठवड्यातच गेला असता."

ते खरं होतं, हे दर्शनाला त्या बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं. हार घेऊन ये म्हणणाऱ्या माणसाबरोबर ती एक दिवस टिकली नसती. मग ती मदतनीसच राहिली असती आणि विमलताई कदाचित आज असत्या. किंवा केंद्राला तंत्रज्ञच मिळाला नसता आणि त्या त्याआधीच गेल्या असत्या. तिनं हा हिशेब पुष्कळदा मांडून पाहिला होता. तो कुठंच पोचत नव्हता.

सुट्टीनंतर समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "दोष कुणाचा, असं तुम्हाला वाटतं?"

तिच्या बाजूच्या वकिलानं तिला बजावलं होतं, की सगळं यंत्रावर टाका. ती उभी राहिली.

"नळ मी सोडला," ती म्हणाली. "पाठात लिहिलेलं होतं, मी वाचलं होतं. ते माझं आहे, ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही. पण एका माणसानं मला तीनदा सावध केलं होतं आणि ते माझ्यापर्यंत आलं नाही. आलं असतं तर मी दुखावले असते. कदाचित सोडून गेले असते. तरी ते माझं होतं. माझं दुखणं मला विचारून काढायला पाहिजे होतं."

समितीनं सांधा बंद केला नाही. कामाबद्दलचं बोलणं बदलायचं नाही आणि बाकीचं बदलायचं की नाही हे शिकणाऱ्यानं ठरवायचं, ते ठरवण्याआधी त्याला सगळं समजावून सांगायचं, असा निर्णय झाला. पुष्कळांनी सांधा नको म्हटलं. वर्षभरात गट फुटू लागले. धामणखेडच्याच दोघींनी अर्ध्यातून सोडलं. त्यातल्या एकीची आई दर्शनाच्या आईला रस्त्यात म्हणाली, "तुया पोरीचं झालं ना शिकून, आता मायीची वाट बंद केली तिनं."

दर्शनाचा परवाना एका वर्षासाठी काढून घेतला होता. ते वर्ष ती मिरजेला राहिली, हणमंतरावांच्या हाताखाली. ते समोरासमोरही तसेच बोलायचे. पहिल्या महिन्यात ती दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा ते काही न बोलता नळी पुन्हा तिच्या हातात द्यायचे. कधी कधी त्यांची बायको डबा जास्तीचा पाठवायची, तो ते तिच्यापुढं सरकवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. चष्म्यातल्या दादांनी कधी डबा दिला नव्हता.

*

गावी परतल्यावर ती पहिल्यांदा सुखदेव भोपळ्यांकडं गेली. विमलताईंचे यजमान. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. ती पायरीवर टेकली.

शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, "तिले लय दुखलं काय?"

दर्शनाच्या मनात लगेच एक वाक्य तयार झालं. नाही काका, त्यांना काही कळलंच नाही. ते वाक्य किती सोपं होतं, आणि त्यानं ह्या माणसाला रात्री झोप लागली असती.

"हो काका," ती म्हणाली. "लय दुखलं. अकोला येईस्तोवर त्यांनी माझा हात सोडला नव्हता."

सुखदेवरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"डॉक्टर म्हणे, तिले काही समजलंच नसंन," ते म्हणाले. "मले पटलं नव्हतं. ती साधं काट्यानंही जागी होये." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बरं केलं सांगतलं. म्हणजे एकटी नव्हती ती."

मग ते म्हणाले, "आता जाय तू."

त्यांनी तिला क्षमा केली नव्हती. तिनंही ती मागितली नाही.

*

तिला पुन्हा केंद्रात घेतलं. अभ्यासक्रम चालवणाऱ्या मंडळानं तिला एका नव्या गटाची सोबतीण नेमलं. अनुभवी माणसानं गटात बसायचं, अशी ती नवी पद्धत होती. गटानं सांधा नको म्हणून सांगितलं होतं. त्यात वासुदेव दाभाडे होते, तेल्हाऱ्याकडचे. पन्नाशीचे, टेम्पो चालवायचे, पाठीचा मणका गेल्यामुळं ते सुटलेलं. शाळा सोडून त्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली होती. बोलायचे कमी, शिकायचे जीव तोडून.

एका सकाळी सरावाच्या खोलीत त्यांनी प्लांट सुरू केला आणि लगेच नळाला हात घातला.

दर्शनानं ते पाहिलं. काय बोलायचं? गोड बोललं तर ते हसून थँक्यू म्हणतील. हारांबद्दल बोललं तर उठून जातील. आणि आता मध्ये कुणी नव्हतं.

"दाभाडेभाऊ, थांबा," ती म्हणाली. "हे चुकलं. थोडं नाही, पूर्ण चुकलं. मी अगदी असंच केलं होतं, आणि माझ्या हातून एक बाई गेली."

दाभाड्यांचा हात हवेत राहिला. मग त्यांची आकृती खोलीतून नाहीशी झाली. त्यांनी चष्मा काढला होता.

दर्शना थांबून राहिली. ते आले नाहीत. तिनं फोन केला, तो कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही ते आले नाहीत. पडद्यावर त्यांच्या नावापुढं गैरहजेरीचा करडा ठिपका येऊन बसला होता. तसे ठिपके आता जागोजाग दिसायचे आणि लोक त्यांना सरावले होते.

रविवारी ती बसनं तेल्हाऱ्याला गेली आणि तिथून रिक्षानं त्यांच्या गावात. दाभाडे अंगणात खाटेवर पालथे पडले होते, बायको पाठीला तेल चोळत होती. दर्शनाला बघून ते धडपडत उठले. प्रत्यक्षात ते बरेच बुटके होते.

"तुम्ही काहून आल्या मॅडम?" ते म्हणाले. त्यांना नजर वर करवत नव्हती. "आपल्याच्यानं नाही होत हे. टेम्पोत भाजी नेली तर उलटली तरी भाजीच होती. हे माणसाचं काम हाय. मले भेव वाटून राह्यलं."

"मलेही वाटते," दर्शना म्हणाली. "रोज सकाळी."

दाभाड्यांनी वर पाहिलं.

त्यांच्या बायकोनं तेलाचे हात पदराला पुसले आणि आतून खुर्ची आणून ठेवली. दर्शनानं ती भिंतीकडं लावली आणि स्वतः खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. अंगणात नळ होता, बादली होती. तेवढं पुरेसं होतं.

"परवाचं अर्धं राह्यलं आपलं," ती म्हणाली. "चला, सुरुवातीपासून."